नऊ ते सहा

त्या फॉर्मवर एकवीस रकाने होते. वीस मी खरे भरले. सोळाव्या रकान्यात खोटं लिहिलं, आणि तेही कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही, जेवणाची वेळ झाली होती म्हणून. मोठं पाप घडायला मोठं कारण लागतं, असं मला तोवर वाटायचं.

मी छाया खरात, नांदरबंदरच्या आरोग्य उपकेंद्रातली नर्स. मूळची माणदेशातली. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं, त्यामुळे दिवसातून दोनदा आपलं आपण येणारं आणि आपलं आपण जाणारं खाडीचं पाणी मला एकोणीस वर्षांत समजलं नाही. समजून घ्यायचा प्रयत्न केला नाही, हे जास्त खरं. गावात मला सगळे शिस्टर म्हणतात. बोलायला मी फटकळ आहे, पण इंजेक्शन हलक्या हाताने देते, म्हणून लोक चालवून घेतात.

जागल्या आला तो दोन हजार चव्वेचाळीस सालच्या दिवाळीनंतर. सरकारी योजनेतलं त्याचं नाव लांबलचक होतं, पण खोक्यावर जागल्या असंच छापलं होतं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. पूर्वी गावाच्या वेशीवर रात्रभर जागणारा जागल्या असे. हा पोरांच्या छातीवर बसून जागणार होता.

बालदम्याची एक खोड फार जुनी आहे. दिवसभर उड्या मारणारं पोर पहाटे तीन-चारच्या सुमाराला उठून बसतं आणि त्याची छाती पिपाणीसारखी वाजू लागते. आपल्या प्रत्येकाच्या अंगात एक घड्याळ असतं. उजेड, जेवणखाण आणि रोजचं झोपणं-उठणं यांनी ते लागतं. रात्र सरत आली की या घड्याळाच्या हुकमाने अंगातली सूज आवरून धरणारी द्रव्यं कमी होतात आणि श्वासाच्या नळ्या आखडतात. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्याच्या नळ्या आधीच सुजलेल्या असतात, त्याला मात्र त्या वेळी हवा पुरत नाही. अशा पोरांच्या आया वर्षानुवर्षं त्या वेळेला जाग्या असतात.

यावरची जुनी औषधं चांगली होती. सूज उतरवणारा एक पंप रोज न चुकता घ्यायचा आणि धाप लागली तर नळ्या मोकळ्या करणारा निळा पंप मारायचा. पण चार दिवस पोर बरं दिसलं की लोक रोजचा पंप फळीवर टाकून देतात, सवय लागेल म्हणून. मुलीचा असेल तर शेजारणीपासून लपवूनही ठेवतात, उद्या लग्नात नडायला नको. एकोणीस वर्षं मी या लोकांशी भांडत होते.

जागल्याने हे भांडणच मिटवलं. महिन्यातून एकदा पोराने उपकेंद्रात येऊन एक भुकटी श्वासातून ओढायची. तिचे कण नळ्यांच्या अस्तरात जाऊन बसतात आणि प्रत्येक कणाच्या पोटात औषध बंद असतं. छातीवर रुपयाएवढी चकती चिकटवायची. ती श्वास ऐकते आणि ठरल्या वेळी माणसाच्या कानाला ऐकू न येणारा एक आवाज काढते. त्या आवाजाने त्या रात्रीपुरते कण फुटतात. फुटलेलं औषध लागू पडायला दीड-दोन तास जातात, म्हणून धाप लागल्यावर कण फोडून काही उपयोग नाही. ते आधीच फोडावे लागतात. किती वाजता फोडायचे हे पोराच्या झोपेच्या वेळेवरून ठरतं, आणि झोपेची वेळ सोळाव्या रकान्यात लिहायची होती.

आणखी एक गोष्ट होती. पोर झोपलेलं असताना छाती वाजायला लागली तर चकती मोठ्याने किंचाळून घर उठवायची. पण जागेपणी पोरं धावतात, हसतात, रडतात, त्यांना धाप लागते, आणि प्रत्येक वेळी चकती किंचाळली असती तर दोन दिवसांत लोकांनी ती खाडीत फेकली असती. म्हणून झोपेच्या वेळेबाहेर ती श्वास नुसता टिपून ठेवायची आणि हिरवा दिवा लावून गप्प बसायची.

प्रणाली डोर्लेकर तिच्या आर्वीला घेऊन आली ती सर्वात शेवटी, दीड वाजता. प्रणाली खारव्यांच्या वाडीतली. तिचा नवरा वेरावळच्या ट्रॉलरवर असायचा आणि दोन-दोन महिन्यांनी घरी यायचा. घरात ती, आठ वर्षांची आर्वी आणि सासरे दत्ताराम, एके काळी होडीचे तांडेल म्हणजे कप्तान, ज्यांना आता फक्त डाव्या कानाने ऐकू यायचं. प्रणाली खाडीतून तिसऱ्या आणि कालवं या शिंपल्या काढायची. खाडीतली मासळी कधीच आटली होती, पण पाणी उतरल्यावर चिखलात हात घालणाऱ्या बाईला शिंपल्या अजून सापडत होत्या.

"झोपेची वेळ?" मी विचारलं.

"तिची की माजी?"

"तिची गं. तुझी कोण विचारतंय?"

"एकच हाय. भरतीवर हाय सगळं, शिस्टर. रोजची येळ येगळी."

पडद्यावरच्या रकान्यात दोनच आकडे मावत होते, कधीपासून आणि कधीपर्यंत. 'भरतीवर' असं लिहिलं की तो लाल व्हायचा आणि पुढचं पान उघडायचा नाही. मी दोनदा लिहून पाहिलं. बाहेर माझा डबा गार होत होता. आधीच्या एकोणचाळीस पोरांच्या फॉर्मवर मी 'नऊ ते सहा' लिहिलं होतं, चाळिसाव्यावरही तेच लिहिलं. पान मुकाट उघडलं.

आर्वी मोठी चौकस पोर. चकती चिकटवून घेताना तिने हनुवटी छातीला टेकवून ती नीट न्याहाळली. "शिस्टर, ह्याला पवायला येतं?"

"येतं. पाण्याने काही होत नाही त्याला."

"आनि ह्यो दिवसाचा झोपतो काय?"

"हो. रात्रभर जागायचं म्हणजे दिवसा सुट्टी नको का त्याला?"

ती हसली. मीही हसले. ते हसणं आता मला आठवत नाही असं झालं तर फार बरं होईल.

महिन्याभरात गाव बदललं. मी अतिशयोक्ती करत नाही. पाच-पाच, सात-सात वर्षं सलग न झोपलेल्या बाया अचानक झोपू लागल्या आणि त्यांना त्याचं काय करावं कळेना. वरच्या आळीतली एकजण माझ्याकडे रडत आली, की पहाटे तीनला आपोआप जाग येते आणि पोर शांत झोपलेलं बघून भीती वाटते. मी तिला म्हटलं, मग तू पण झोप, तुला काय चकती लावू? एकोणचाळीस पोरांपैकी एकालाही त्या हिवाळ्यात जिल्ह्याला न्यावं लागलं नाही. यंत्र चांगलं होतं. हे मी कुणाहीपुढे सांगेन.

चाळिसाव्या पोराचा अहवाल मात्र दर पंधरवड्याला माझ्या पडद्यावर लाल होऊन यायचा. 'ठरलेल्या वेळेत बालक झोपलेले आढळले नाही. पालकांकडून नियमभंग.' महिन्यातून अकरा रात्री. पहिला लाल अहवाल आला की मी त्याच दिवशी दुपारी डबा पिशवीत टाकून खारव्यांच्या वाडीत जायची. अंगणात तिसऱ्यांचा ढीग असायचा आणि प्रणाली विळीवर बसून एकेक शिंपली उघडत असायची. आर्वी आत झोपलेली असायची, भर दुपारी.

"रात्री कुठे होती ही?"

"माज्यासंगं. खाडीवर."

"दमेकरी पोर, मध्यरात्री, चिखलात? तुला काही वाटतं का गं?"

"चिखलात नसते. होडीत बसते, गोधडी घेऊन. तिला घरात एकटी कशी ठेवू? मामंजींना ऐकू येत नाय. दोन सालांमागं ठेवली व्हती, तर परत येईस्तवर पोर भितीला टेकून बसलेली, ओठ निळे."

"आता जागल्या आहे ना. तो ऐकतो."

"ऐकतो, पन उठून पानी देतो काय?" तिने हातातली शिंपली टोपात टाकली. "पंप तोंडाला लावतो काय?"

यावर मी तिला बरंच सुनावलं. मूर्ख म्हटलं. तुझ्यासारख्या बायांमुळे चांगल्या योजना बुडतात असंही म्हटलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण भुकटी माझ्या हातात होती. मग मी ओटीवर बसून माझा डबा खाल्ला आणि घरी आले. असं चार महिन्यांत आठ वेळा झालं.

फाल्गुनातली गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी लसींची पेटी मोजत होते. दत्ताराम तांडेल पायरीवर उभे राहिले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर आर्वी आडवी होती. सत्तरीला आलेला माणूस खालच्या वाडीतून चढण चढून आला होता आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

पोराची छाती वाजत असेल तर मला धीर असतो. वाजते म्हणजे हवा जाते. आर्वीची छाती वाजत नव्हती. गळ्याखालची खळगी खोल आत ओढली जात होती, ओठ करवंदासारखे झाले होते आणि डोळे उघडे असून ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचा झगा वर केला तर चकतीचा हिरवा दिवा लागलेला. सगळं ठीक असल्याचा दिवा.

मी प्राणवायू लावला, निळं औषध वाफेतून सुरू केलं, दंडात इंजेक्शन दिलं. डॉक्टरांना हाक मारली. आमचे डॉक्टर कैवल्य रणदिवे वयाने माझ्या मुलाएवढे, पण हात स्थिर. वीस मिनिटं आम्ही दोघं तिच्यावर वाकून होतो. एकविसाव्या मिनिटाला आर्वीची छाती वाजली. बारीक, दूरवर मांजर रडावं तशी. मी वाफेचं औषध पुन्हा भरलं.

प्रणाली धावत आली, रात्रीचा चिखल कोपरापर्यंत तसाच वाळलेला. ती कालवं विकायला बंदरावर गेली होती. सकाळी सहाला परत येऊन पोरीला निजवलं होतं, पोर गाढ झोपली होती, जागल्या छातीवर होता. "तो वरडला कसा नाय?" ती मला विचारत होती. "झोपेत धाप लागली तर वरडतो म्हनालात. पोर झोपली व्हती ना माजी, तो वरडला कसा नाय?"

मला खरंच तोवर कळलं नव्हतं.

आर्वी जिल्ह्याच्या दवाखान्यात नऊ दिवस राहून वाचली. दहाव्या दिवशी डोर्लेकरांच्या दारावर नोटीस लागली. योजनेतल्या मुलाला गंभीर झटका आला की चौकशी व्हायचीच. आर्वीच्या नावापुढे चार महिन्यांचे लाल अहवाल होते, आणि त्याखाली माझ्याच हातचे आठ शेरे: 'पालकांना समज दिली. सुधारणा नाही.' मुलीला सहा महिने जिल्ह्याच्या निवासी केंद्रात ठेवावं आणि पुढचा निर्णय आईची वागणूक बघून घ्यावा, असा प्रस्ताव होता. समितीपुढे बाजू मांडायला आठ दिवसांची मुदत होती.

त्या संध्याकाळी प्रणाली माझ्या क्वार्टरवर आली. पहिल्यांदाच. "शिस्टर, तुमचं ऐकतात ते लोक. सांगा ना त्यांना. रातीला एकटी ठेवायची नाय म्हनून तर नेत व्हते."

"बघते," मी म्हटलं. सरकारी नोकरीत हा शब्द फार लवकर शिकतो माणूस.

दोन दिवसांनी एकादशी होती. मी उपास धरते. भगर शिजवून डब्यात भरत होते आणि हात थबकला. एकेक करून आठवायला लागलं. खारव्यांच्या वाडीत ओटीवर बसून मी जेवायची तेव्हा डब्यात काय असायचं? भगर. मागच्या वेळी भगर, त्याच्या मागच्या वेळी भगर आणि दाण्याची आमटी. आठही वेळा मी उपाशीपोटी त्या बाईला शिव्या घालायला गेले होते. म्हणजे आठही वेळा नियमभंग सुरू झाला तो एकादशीला.

भिंतीवरचं कॅलेंडर काढून मी तसाच डबा टाकून तांडेलांकडे गेले. ते अंगणात जाळं शिवत बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले.

"तांडेल, एकादशीला पाणी कधी उतरतं?"

त्यांनी वरही पाहिलं नाही. "अकराची पाऊनपट किती?"

मी बोटं मोजली. "सव्वाआठ."

"सव्वाआठला भरती. तिथनं सहा तास मागं या."

"सव्वादोन."

"सव्वादोनला सुकती. राती बी आनि दुपारी बी. द्वादशीला तीन, तेरशीला पावणेचार. रोज पाऊन तास पुढं. तिथीची पाऊनपट केली की झालं, ह्याला घड्याळ कशाला लागतं?" मग ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. "आठमीच्या भांगाला पानी मेलेलं असतं, धड उतरत नाय, तवा बाया जात नाय. एकादशीपासनं जातात. तुमाला ठावं नाय? एवढी वर्सं हाय की तुमी हितं."

उपकेंद्रात येऊन मी आर्वीच्या चकतीतली सगळी नोंद उघडली. रात्रीची नाही, दिवसाची. कुणीही कधी न बघितलेली. एकादशीपासूनच्या पाच-सहा रात्री पोर एक-दीड वाजता उठायची, बत्तीच्या उजेडात चहा-बटर खायची, होडीत जागी बसायची. घरी येऊन सहाला निजायची ती दुपारी बारापर्यंत, दारं-खिडक्या लावून. पौर्णिमा आली की एकदा, अमावास्या आली की पुन्हा. तिच्या अंगातलं घड्याळ बिचारं त्या झोपेमागे ओढलं जात होतं. नोंदीतली रेघ सांगत होती की पहाटे तीनला तिच्या नळ्यांना काही होत नव्हतं. त्या आखडत होत्या सकाळी नऊ-दहाला. तिची पहाट तेव्हा व्हायची.

आणि जागल्या काय करत होता? मी सांगितलं होतं ते. रात्री साडेबाराला, पोर अजून उठायची असताना, तो इमानाने कण फोडत होता. पोरीची खरी वेळ येईपर्यंत ते औषध विरून जायचं. सकाळी सहाला तो हिरवा दिवा लावून गप्प बसायचा. ज्या वेळी तिला राखणदार हवा होता, नेमकी त्याच वेळी मी त्याला सुट्टी दिली होती. यंत्र खोटं बोललं नव्हतं. मी बोलले होते.

डॉक्टरांना सगळं दाखवलं. त्यांनी रेघांवरून दोनदा बोट फिरवलं आणि दार लोटून घेतलं.

"सिस्टर, रकाना आज बदला. पुण्याला योजनेच्या कचेरीत विचारून तिथीप्रमाणे वेळ घालता येईल, मी बोलतो त्यांच्याशी. पडद्यावर 'माहिती सुधारली' एवढंच दिसेल. का सुधारली ते कुणी विचारत नाही."

"आणि प्रणाली?"

"तिने वेळ चुकीची सांगितली, असं होईल. अडाणी बाई आहे, सोडून देतील कदाचित."

"तिने बरोबर सांगितली होती."

ते हळू म्हणाले, "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची."

ते वाईट बोलत नव्हते. माझ्या काळजीनेच बोलत होते. आणि मी तुम्हांला सांगते, त्या रात्री मी तो रकाना उघडून बराच वेळ बसले. एका बाजूला एकोणचाळीस पोरं होती, माझ्याच हाताने बरी झालेली. एकोणीस वर्षांची नोकरी होती. नुसते दोन आकडे बदलायचे होते. माझं मन मला अगदी गोड आवाजात समजावत होतं, की पोरगी वाचली ना, मग झालं तर. मी पडदा बंद केला तो चांगुलपणाने नाही. प्रणाली मान खाली घालून शिंपल्या सोलत माझ्या शिव्या ऐकत होती, ते आठही वेळचं डोळ्यांपुढून हलेना.

समितीची खोली मोठी होती. अध्यक्षबाईंनी अहवाल वाचला. अकरा रात्री, आठ वेळा समज. प्रणाली कडक इस्त्रीची साडी नेसून खुर्चीच्या टोकाला बसली होती. तांडेल डावा कान पुढे करून बसले होते.

"आईला काही सांगायचंय?"

"मी पोरीला एकटी टाकली नाय," प्रणाली म्हणाली. एवढंच. त्या खोलीत तिला बाकीचं सुचेना.

मी उभी राहिले. माझं नाव पुकारलं नव्हतं. "सोळावा रकाना मी भरला," मी म्हटलं. "आईने झोपेची वेळ भरतीवर आहे म्हणून सांगितलं होतं. मी नऊ ते सहा लिहिलं. मला खाडी कळत नाही आणि कुणाला विचारायचा मला कंटाळा होता. हिने एकही नियम मोडलेला नाही. हिच्यासाठी नियम मीच खोटा केला होता."

मग कॅलेंडर आणि रेघा टेबलावर मांडल्या. समजावून सांगायला अर्धा तास लागला. एका तज्ज्ञाने विचारलं, पाऊणपट हे कुठल्या शास्त्रात आहे? तांडेल म्हणाले, "सायेब, समुद्रात."

मुलीला आईकडेच ठेवायचा निकाल झाला. तिच्या चकतीत तिथीप्रमाणे सरकणारी वेळ घालायचं ठरलं, आणि फॉर्मवर 'वेळ बदलते' असा बाविसावा रकानाही येणार होता. मला योजनेतून काढलं आणि चौकशी पुरी होईपर्यंत घरी बसवलं. त्यात काही चूक नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर प्रणालीने मला गाठलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"मी सांगितलं व्हतं ना तुमाला?"

"हो."

"काय सांगितलं व्हतं?"

"भरतीवर आहे सगळं."

"पुन्यांदा सांगा."

"भरतीवर आहे सगळं. रोजची वेळ वेगळी."

तिने डोळे पुसले आणि सासऱ्यांचा हात धरून ती एसटीकडे निघून गेली.

पुढचे पंधरा दिवस मी क्वार्टरमध्ये बसून काढले. दुकानात लोक माझ्याशी बोलायचे, पण जपून. पोरांना भुकटी द्यायला दुसरी नर्स आली होती. पुण्याहून डॉक्टरांना कळलं होतं, की नवी वेळ बसायला आणि चकतीला पोरीचं घड्याळ नीट उमजायला तीन महिने तरी लागतील. तोवर पोर झोपली असताना निळा पंप हातात घेऊन कुणीतरी शेजारी जागं राहायला हवं. हे मला बाहेरून समजलं. कुणी मला विचारलं नाही आणि मी स्वतःहून जायचं धाडस केलं नाही.

चैत्रातल्या द्वादशीला सकाळी पावणेसहाला दारावर थाप पडली. प्रणाली उभी होती, पदर खोचलेला, पाय चिखलाने भरलेले. तिच्यामागे आर्वी गोधडी पांघरून पेंगत होती.

"मला बंदरावर जायाचंय," प्रणाली म्हणाली. "मामंजींना ऐकू येत नाय."

मी दारातून बाजूला झाले. तिने आर्वीला माझ्या पलंगावर निजवलं, निळा पंप माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्याभोवती नीट मिटली आहेत का ते बघितलं.

"नऊ ते सहा लिवलंत तुमी," ती म्हणाली. "आता सहा ते बारा बसा."

"बसते," मी म्हटलं.

ती गेली. मी खिडक्या लावून घेतल्या आणि पलंगाजवळ खुर्ची ओढली. बाहेर गाव उठत होतं, कुणाचा तरी रेडिओ लागला होता, शाळेची पोरं ओरडत होती. नऊ वाजता मी तिच्या पाठीला कान लावला. साडेनऊला पुन्हा लावला. दहाच्या सुमाराला तिचा श्वास थोडा खरखरला, तशी मी पंप उघडून बसले. श्वास आपोआप निवळला. चकतीच्या काठावर आता हिरवा दिवा नव्हता. पिवळा होता, जागल्या राखणीवर असल्याचा. तरी मी नजर हलवली नाही.

आर्वीने कूस बदलली आणि एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं.

"शिस्टर, तुमी दिवसाच्या झोपत नाय ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "तू झोप."